सानूचे शब्द

वजीराला नेपाळी कोणी शिकवली नाही. पुढे ठाण्यातल्या फौजदाराने तिला हेच चार वेळा फिरवून फिरवून विचारलं, आणि चारही वेळा तिने एकच उत्तर दिलं, "माका कोणी शिकवला नाय. आयकान आयकान समाजला." फौजदाराने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, शाळा चौथीपर्यंत, बांद्याचं माहेर आणि खाडीच्या तोंडावरचं सासर सोडून फारसं कुठे न गेलेली. त्याचा विश्वास बसला नाही. खरं तर जे झालं ते फार साधं होतं, पण ते पहिल्यापासून सांगायला हवं.

वजीराचा नवरा रहमतुल्ला पंचवीस वर्षं समुद्रावर होता. गुडघे गेले तेव्हा त्याने बोट मुलाच्या, मुनीबच्या हातात दिली आणि स्वतः कट्टा गावात जाळी-दोरांचं लहानसं दुकान टाकलं. सकाळच्या एसटीने जायचा, संध्याकाळी यायचा. मुनीब स्वतःच बोटीवरचा प्रमुख, तांडेल झाला. खलाशी मात्र आता गावात मिळत नव्हते. गावची पोरं कोणी गोव्याला हॉटेलात, कोणी आखातात. म्हणून मासेमारीची बंदी उठली की दर ऑगस्टला नेपाळचे खलाशी यायचे आणि मे महिन्यापर्यंत राहायचे. त्यांचं दुपारचं जेवण वजीरा करायची. घराच्या मागच्या पडवीत ते पंगतीने बसायचे, ती वाढायची.

त्या वर्षी सात जण आले. त्यातल्या धनबहादुरने सोबत बायकोला आणली होती, मनमायाला. कडेवर दीड वर्षांची मुलगी, सानू. जाळी ठेवायच्या खोपीत वजीराने त्यांना जागा करून दिली. बाकीच्या खलाशांना मोडकंतोडकं हिंदी यायचं. मनमायाला तेही येत नव्हतं. डोंगरातल्या कुठल्याशा गावातून ती पहिल्यांदाच खाली उतरली होती. समुद्र तिने आल्या दिवशी पाहिला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन वजीराच्या शेजारी येऊन बसली. वजीरा कोळंबी सोलत होती. मनमायाने एक उचलली, वजीराचे हात पाहिले आणि तसंच डोकं मोडून साल काढलं. मग मांडीवरच्या सानूसमोर ती कोळंबी धरून म्हणाली, "हेर. यो के हो? झिंगे माछा." सानूने कोळंबीला बोट लावलं आणि हात झटकला. मनमाया हसली. वजीराही हसली.

त्या दिवसापासून रोज सकाळी दोन-तीन तास तिघी एकत्र. मनमाया वजीराशी बोलायची नाही, कारण बोलून उपयोग नव्हता. ती सानूशी बोलायची. लहान पोरीशी कोणतीही आई बोलते तसं, सावकाश, एकच गोष्ट दहा वेळा, आणि जे बोलते ते समोर दाखवून. भांडं चुलीवरून उतरवलं की "तातो छ, तातो." नळाखाली हात धरला की "चिसो." कोंबडी आली की "कुखुरा आयो", गेली की "कुखुरा गयो." वजीराचं लक्ष हातातल्या कामात असायचं. ऐकायचं असं तिने कधी ठरवलं नाही. पण आवाज कानावर पडत होता आणि ज्याचा तो आवाज ती वस्तू डोळ्यांसमोर होती. पहिले पंधरा दिवस सगळा नुसता किलबिलाट. मग एके सकाळी मनमायाने सानूला विचारलं, "बुवा खोइ?" आणि सानूच्या आधी वजीराचीच मान बंदराकडे वळली. बापूस खंय, असंच ते होतं. खंय आणि खोइ. आपल्या मुलुखातलाच शब्द कोणीतरी दूर नेऊन ठेवल्यासारखा तिला वाटला.

पंगतीत आणखी भर पडायची. भाताचं भांडं घेऊन ती फिरली की "थप" म्हणणाऱ्याला वाढायचं, "पुग्यो" म्हणणाऱ्याला नाही. सारात मीठ कमी पडलं की "नुन" हा शब्द पानापानातून ऐकू यायचा आणि ती मिठाची वाटी पुढे करायची. खलाशांना वाटायचं, आमाला चेहऱ्यावरून कळतं. ते तिला आमा म्हणत. तिने स्वतः मात्र त्यांच्या भाषेतला एक शब्दही कधी उच्चारला नाही. लाजच वाटायची. सानूही तोवर फक्त ऐकतच होती. दोघींची शाळा एकच, इयत्ताही एकच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बोट तीन दिवसांची फेरी करून परत आली, तेव्हा सहाच खलाशी उतरले.

मुनीब घरी आला, हातपाय धुतले आणि चहा मागितला. वजीराने विचारलं, "धन खंय रे?"

"गेलो तो. माझ्याशी भांडलो. वाटेत दुसऱ्या बोटीवर चढलो. गोव्याची बोट. थंय जास्ती मिळता म्हणा."

"बायल-पोराक टाकून?"

"बोलावतलो तेंका मागसून. माका काय विचारतंस?"

जेठा दाइ म्हणून त्या खलाशांतला सगळ्यात वयस्क माणूस होता, पन्नाशीचा, एका डोळ्यात वडस आलेला. त्याने मनमायाला खोपीच्या दारात उभं राहून हेच सांगितलं असावं. मनमायाने ऐकून घेतलं. फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. त्यानंतर ती दर संध्याकाळी सानूला घेऊन धक्क्यावर उभी राहू लागली. ज्या समुद्राकडे तिने पाठ केली होती त्याच्याकडे तोंड करून.

वजीराला शब्दांच्या आधी त्या खलाशांचं गप्प बसणं समजलं. पूर्वी पंगतीत गलका असायचा. आता सहा माणसं माना खाली घालून जेवायची. अधूनमधून कोणीतरी हलक्या आवाजात काही म्हणायचं आणि मनमाया पाण्याची कळशी घेऊन दारात आली की वाक्य तिथेच तुटायचं. वजीरा आली तर तुटायचं नाही. ती भात वाढत असतानाही ते बोलत राहायचे. तिच्यासमोर बोलणं म्हणजे खांबासमोर बोलणं होतं.

कर्ण नावाचा एक तरुण खलाशी होता, धनबहादुरच्या गावचाच. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचा, "डोरी काट्यो. भाइ पानीमै थियो." जेठा दाइ दर वेळी म्हणायचा, "चुप लाग. मनमायालाई नभन." वजीराला त्यातलं पाणी कळलं आणि मनमायाचं नाव कळलं. बाकीचे आवाज अर्थाशिवायच तिच्या डोक्यात जाऊन बसले. कामात असताना नकळत ओठांवर येण्याइतके.

डिसेंबरात मुनीबची बायको नाझनीन बाळंतपणासाठी कणकवलीला माहेरी गेली. घर आणखी रिकामं झालं. मुनीब घरात कमी बोलायचा आणि लगेच चिडायचा. खोपीच्या बाजूने जाणं त्याने सोडलं होतं. विहिरीकडे जायला सरळ वाट खोपीवरूनच होती, तो माडांच्या मागून वळसा घालून जायचा. सानूने एकदा त्याच्या लुंगीला धरलं तर त्याने तिचे हात इतक्या घाईने सोडवले की पोर खाली बसली. वजीराने ते पाहिलं आणि मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला.

जानेवारीतली एक सकाळ. खोपीच्या आढ्याला सानूसाठी झोळी बांधली होती. तिची दोरी एका बाजूने झिजली होती. मनमायाने झोळी उतरवली, कोयता घेतला आणि झिजलेला भाग एका घावात तोडला. सानू टाळ्या वाजवायला लागली. मनमायाने दोरीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "हेर सानू, डोरी काट्यो."

वजीरा मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप कललं. तांदूळ ओघळून पायरीवर पडला तरी तिला कळलं नाही.

डोरी म्हणजे हातातला तो तुकडा. काट्यो म्हणजे आता कोयत्याने केलं ते. मग उरलेलं वाक्य आपलं आपणच उलगडत गेलं, तिला थांबवताही आलं नाही. दोर कापला. भाऊ पाण्यातच होता. मनमायाला सांगू नको.

ती उठून आत गेली. चुलीवरचं सार करपेपर्यंत ती मोरीच्या कट्ट्याला टेकून उभी होती.

आपण चुकलो असू, असं तिने स्वतःला चार दिवस सांगितलं. आपल्याला कुठे ती भाषा येते? कोंबडी आणि कोळंबी आणि गरम आणि थंड, एवढंच तर येतं. पण एकदा समजलेलं बोलणं परत नुसता आवाज होत नाही. पंगतीत वाढताना ती आता मुद्दाम सावकाश वाढू लागली, आणि शब्दांतून, हातवाऱ्यांतून, मधेच येणाऱ्या हिंदीतून दर दुपारी एक एक तुकडा तिच्या पदरात पडत गेला. बंदी असलेल्या पट्ट्यात जाळं टाकलं होतं. जाळं बोटीच्या पंख्यात गुंतलं. धनबहादुर कमरेला दोर बांधून सोडवायला खाली उतरला. लांबून गस्तीच्या बोटीचा दिवा दिसला. मुनीब घाबरला. त्याने जाळं तोडलं, दोर तोडला आणि इंजिन चालू केलं. सगळ्यांची कागदपत्रं मुनीबच्या कपाटात होती, आणि त्याने सांगितलं होतं, कोणी बोललं तर सगळे तुरुंगात जाल. जेठा दाइने ठरवलं होतं, मे महिन्यात घरी पोचल्यावर मनमायाला सांगायचं. इथे सांगितलं तर ती आकांत करील, आणि मग तिचं आणि पोरीचं काय होईल कोणी सांगावं.

वजीराने एकदा मुनीबला जेवताना विचारलं, "धनाचो कायच पत्तो नाय मगे?"

"अम्मा, कितीदा सांगू? गोव्याक आसा तो." त्याने मान वर केली नाही. बोटांनी भात कालवत राहिला, घास केला नाही.

वजीरा गप्प बसली. हा तिचा गुन्हा, असं ती पुढे स्वतःच म्हणायची. अठरा दिवस ती गप्प बसली. रोज सकाळी मनमायाच्या मांडीला मांडी लावून मासे साफ केले. मनमायाला माहीत नव्हतं की ती विधवा आहे, आणि वजीराला माहीत होतं. नमाजाला बसली की तिला कुठलीच दुआ सुचायची नाही. मुलासाठी मागावं तर धनबहादुर आठवायचा, धनबहादुरसाठी मागावं तर मुलगा. रहमतुल्लाला सांगावं असं दोनदा मनात आलं. पण तो मुलाचा बाप होता. तो काय म्हणेल हे तिला आधीच कळत होतं.

मग तो शुक्रवार आला. मुनीब दुपारच्या नमाजाला गेला होता. बोट संध्याकाळी निघायची होती. पडवीत खलाशी जेवत होते. कर्णाने ताट बाजूला सारलं आणि नेहमीपेक्षा शांतपणे, जवळजवळ समजुतीच्या स्वरात म्हणाला, "भोलि जाल हाल्दा खसाल्ने."

जेठा दाइने एवढंच म्हटलं, "पाप लाग्छ."

"पाप उसले गर्‍यो," कर्ण म्हणाला. एकाने दाराकडे पाहिलं, तिथे वजीरा ताक घेऊन उभी होती. कर्ण म्हणाला, "बुढीले केही बुझ्दिन."

पाप त्याने केलं, म्हातारीला काही समजत नाही. एवढं वजीराला समजलं. भोलि म्हणजे उद्या, तेही ठाऊक होतं. उद्या जाळं टाकताना. पण शेवटचा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. खसाल्ने. उद्या जाळं टाकताना काय? मारणार? पळून जाणार? पोलिसांना सांगणार? तिने सगळ्यांना ताक वाढलं. जेठा दाइने तिच्या भांड्याकडे न पाहताच वाटी पुढे केली आणि ताक त्याच्या बोटांवरून सांडलं.

ती मागे आली. मनमाया पायरीवर सानूला भरवत होती. सानूच्या हातात ॲल्युमिनियमची लहान वाटी. पोरीने वाटी पायरीच्या कडेला नेली आणि मुद्दाम सोडून दिली. वाटी खणखणत खालच्या पायरीवर गेली.

"फेरि खसाल्यौ?" मनमाया म्हणाली. तिने वाटी उचलून दिली. "नखसाल है, सानू. नखसाल."

सानूने आईकडे पाहिलं आणि हसत वाटी पुन्हा कडेवरून सोडली.

खसाल्ने म्हणजे कडेवरून पाडणं. मुनीब जाळं टाकताना नेहमी मागच्या कडेला उभा राहायचा, दोराच्या जवळ, एक पाय फळीवर ठेवून. तिने हजार वेळा पाहिलं होतं.

मुनीब मशिदीतून आला तेव्हा ती पुढच्या खोलीत उभीच होती. तिने दार लोटून घेतलं.

"आज बोटीर जाव नको."

"कित्याक?"

"मी सांगतंय म्हणान."

तो हसला. "अम्मा, बर्फ भरून झालो. काय झाला तुका?"

"तू धनाचो दोर कापलंस," वजीरा म्हणाली.

तिला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. टोपी काढून त्याने खुर्चीवर ठेवली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं एकेक करून निघून गेल्यासारखं झालं. तो मान घालून खाली बसला.

"कापलंय," तो म्हणाला. "तो दिवो जवळ इलो. माका कायच सुचला नाय. वाटला, पोवता तो, मागसून येवन काढूया. अर्ध्या तासान परत गेलंय. थंय कोण नव्हता अम्मा. मी हाका मारलंय. पाणी एकदम शांत होता."

हा तिचा झील होता, पोटचा मुलगा. त्याच्या डोक्यावर हात ठेवायला ती पुढे झाली. तेवढ्यात त्याने मान वर केली आणि त्याची नजर पाहून तिचा हात तसाच राहिला.

"तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय."

"म्हणजे कोणतरी बोलता. कर्ण मा? तोच. माका संशय होतोच." तो उठला. आवाज चढलेला नव्हता. "तू फक्त नाव सांग. बाकी मी बघतंय. आज रात्री समुद्रार सगळा नीट करतंय."

वजीराला तेव्हा दोन्ही बाजू एकदम दिसल्या. ती बोलली तर आज कर्ण जाईल. ती गप्प बसली तर उद्या मुनीब जाईल. आणि त्या बोटीवरून जो कोणी परत येईल तो पुन्हा याच पडवीत बसून तिच्या हातचा भात खाईल.

तिने कपाटाकडे जाऊन खालचा खण उघडला आणि खलाशांच्या कागदांची पिशवी काढली. मुनीब मध्ये आला. तिने त्याला हाताने बाजूला केलं. तो बाजूला झाला. बहुतेक आश्चर्यानेच.

पडवीत खलाशी उठायच्या तयारीत होते. मनमाया भांडी गोळा करत होती, सानू तिच्या पाठीशी बांधलेली. वजीराने पिशवी जेठा दाइच्या पुढ्यात ठेवली. मग त्या भाषेत तिने आयुष्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"म बुझ्छु."

मला समजतं. सहाच्या सहा माणसं होती तिथे थिजली. कर्णाचा एक हात चपलेकडे गेलेला, तो तसाच राहिला. मनमाया तेवढी हसली. तिला वाटलं, आमा गंमत करतेय. ती कौतुकाने काहीतरी म्हणालीही.

वजीराने कर्णाकडे पाहिलं. "नखसाल," ती म्हणाली. "भोलि नखसाल." सानूला सांगतात त्याच स्वरात तिच्या तोंडून ते निघालं, कारण दुसऱ्या कुठल्या स्वरात तिने तो शब्द ऐकलाच नव्हता. कर्णाचा चेहरा राखेसारखा झाला. जेठा दाइने दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं.

मग ती मनमायाकडे वळली. जेठा दाइला सांगायला लावता आलं असतं. पण अठरा दिवस तिने ओझं लपवलं होतं, ते दुसऱ्याच्या तोंडून उतरवणं तिला बरं वाटलं नाही. अडचण एवढीच की तिच्याजवळ शब्द नव्हते. मरण, गुन्हा, माफी, यातलं मनमायाने सानूला काही शिकवलेलं नव्हतं. कोंबडी येते, कोंबडी जाते. वाटी पडते. पाणी थंड असतं. तिने त्यातलेच उचलले.

"सानूको बुवा," ती म्हणाली, "आउँदैन." येणार नाही.

मनमायाच्या हातातली ताटं हलायची थांबली.

"पानी. चिसो पानी. बुवा पानीमा गयो." तिने आपल्या छातीवर हात ठेवला, मग मागच्या दाराकडे दाखवलं, जिथे मुनीब उभा होता. "मेरो छोरा. डोरी काट्यो."

मनमायाने जेठा दाइकडे पाहिलं. जेठा दाइने मान खाली घातली, आणि तिला उत्तर मिळालं. ती रडली नाही. ताटं सावकाश खाली ठेवली, एकावर एक. मग तिने वजीराला काहीतरी विचारलं, लांबलचक, भराभर, मोठ्या माणसाशी बोलतात तसं. पहिल्यांदाच ती वजीराशी बोलत होती. वजीराला त्यातला एक शब्दही कळला नाही.

मुनीब बोटीवर गेला नाही. मागच्या दाराने तो माडांतून निघून गेला. वजीराने जेठा दाइला आणि मनमायाला रिक्षात घातलं, सानूला मांडीवर घेतलं आणि ठाण्यात गेली. कर्णाचं उद्याचं बोलणं तिने तिथे सांगितलं नाही. ते घडलं नव्हतं, आणि घडणारही नव्हतं. मुनीब तिसऱ्या दिवशी बांद्याच्या नाक्यावर सापडला. धनबहादुर सापडला नाही. चार दिवस बोटी फिरल्या, पण मधे तीन महिने गेले होते.

खलाशांचे जबाब झाले आणि ते गावी गेले. मनमायाही त्यांच्याबरोबर गेली. कणकवलीच्या स्टेशनवर वजीरा सोडायला गेली होती, पण मनमाया तिच्याशी बोलली नाही आणि वजीरानेही अपेक्षा केली नाही. गाडी हलली तशी सानूने मात्र डब्याच्या खिडकीतून मागे राहिलेल्या वजीराच्या दिशेने हात बाहेर काढून विचारलं, "आमा खंय?" आणि मनमायाने तिचा हात आत घेतला.

घरात रहमतुल्लाने वजीराशी बोलणं टाकलं. कट्ट्याहून आला की ओट्यावरच जेवायचा. वाडीतल्या बायका विहिरीवर तिला जागा करून द्यायच्या. फार जास्त जागा. मेच्या शेवटी नाझनीनचे वडील एका वकिलाला घेऊन आले. वकील सभ्य होता, मऊ बोलायचा. खलाशी तारखेला येतील याची खात्री नाही, तो म्हणाला. आले तरी पैशाच्या रागाने खोटं बोलतात असं म्हणता येईल. प्रश्न फक्त तुमच्या जबाबाचा आहे, चाची. तुम्ही कोर्टात एवढंच सांगायचं, की मला ती भाषा येत नाही. माझा काहीतरी गैरसमज झाला. मुनीबही मला काही बोलला नाही. यात खोटं काय आहे? तुम्हाला कुठे ती भाषा वाचता येते, लिहिता येते? कोणी तुम्हाला शिकवली?

नाझनीन दारात उभी होती. तिच्या खांद्यावर चार महिन्यांचा मुलगा होता. आता ती म्हणाली, "अम्मी, बाळाचो बापूस आसा तो. माका दुसरा कायच नको."

वजीराने नातवासाठी हात पुढे केले. नाझनीनने क्षणभर विचार केला आणि मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. वजीरा एकटीच एसटीने ओरोसला गेली. कोर्टाच्या व्हरांड्यात मुनीबला बाकावर बसवलं होतं, शेजारी पोलीस. तो वाळला होता आणि दाढी वाढली होती. पोलिसाने मान दुसरीकडे वळवली, तेव्हा ती त्याच्यापाशी गेली. घरून आणलेला भाकरीचा डबा तिने त्याच्या मांडीवर ठेवला.

"वकील तुझ्याशी बोललो मा?" त्याने हळू विचारलं.

"बोललो."

"मगे आत काय सांगतलंस?"

"तू माका जां सांगलंस तां," वजीरा म्हणाली. "आणि तू अर्ध्या तासान परत गेलंस, हाका मारलंस, तांय सांगतलंय."

मुनीब डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिला. त्याने डबा उघडला नाही, परतही केला नाही. आतून शिपायाने वजीराचं नाव पुकारलं. तिने ओढणी डोक्यावर सारखी केली आणि आत गेली.